दादाच्या जीपची गळती

माझ्या लेकीचं, शेवंताचं लग्न एकदा ठरलं, मानपानावरून मोडलं आणि त्याच घरात त्याच पोराशी पुन्हा ठरलं, ते साल एकोणीसशे एक्क्याण्णव. दिवाळी नुकतीच संपली होती. तुळशीचं लग्न लागलं की पाचव्या दिवशी शेवंताचं, असं दोन्ही घरांनी पक्कं केलं होतं. त्या लग्नाला तेरा दिवस राहिले असताना माझा थोरला भाऊ शिदोजी सकाळी सकाळी आपली जीप घेऊन तिठ्यावरच्या माझ्या गॅरेजात आला. चौथ्यांदा.

जीप थांबली तशी खालच्या मातीवर थेंब पडायला लागले.

दादा उतरला, डोक्यावरचा डाळिंबी पटका सारखा केला आणि म्हणाला, "ऐकू येतंय?"

"काय?"

"टप टप. तुझ्या हाताची कीर्ती वाजतीया."

मी वाकून थेंब बघायला लागलो. पहिल्यांदा गळती लागली तेव्हा मी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. चार दिवस बरी होती. मग तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. आठवडा बरी होती. तिसऱ्या वेळी गिअरबॉक्स उतरवला, क्रँकचं मागचं सील नवीन घातलं. दोन दिवस त्या कामात गेले, पाठीचा काटा ढिला झाला, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिठ्यावरचा हॉटेलवाला येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा, "हैबतीकडं गाडी दिली का, मागनं तेलाचा टँकर सांगून ठेवा."

"हे बघ," दादा म्हणाला, "आता शेवटचं. आज उद्यात बंद झाली तर झाली. न्हाईतर कराडच्या भंगारवाल्याला मी निरोप धाडतो. तेलाचे डबे घेऊन घाट चढायचा मला कटाळा आलाय."

"धाडशील निरोप?"

"धाडीन की."

पण तो जीपकडे बघत नव्हता, हे मी बघितलं. ती जीप त्यानं सरकारी लिलावातून घेतली होती. पेट्रोलवरची जुनी गाडी, चारी चाकांना जोर लावणारी. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या सहा वाड्यांना तेव्हा एसटी नव्हती. मधली नदी उतारानं, पाण्यातूनच ओलांडायची, मग कातळ, मग घाट. बाळंतिणी, आजारी माणसं, दुधाच्या किटल्या, परीक्षेची पोरं, सगळं दादाच्या जीपमधून खाली यायचं. एकवीस वर्षांत त्याची गाडी एकदाही दगडावर घासली नव्हती. वाडीतली माणसं त्याला शिदोजी म्हणत नसत, "जीपवाले" म्हणत. त्याच्या हातून चाक गेलं तर मागं काय उरणार होतं?

"आणि ऐक," तो आत बघून मोठ्यानं म्हणाला, "शेवंता सासरी जाणार ती माझ्याच गाडीतनं. मी सोडणार तिला. दुसऱ्याच्या गाडीत बसली तर मी मांडवात येणार न्हाई."

शेवंता चहाचे कप घेऊन आली. "थोरले आबा, तेल गळतंय म्हणं तुमच्या गाडीचं. माझा शालू खराब झाला तर?"

"शालवाचं काय घेऊन बसलीस, पोरी. लगीन कधी हाय तुझं?"

"तेरा दिवसांनी."

"मग हाय की येळ."

त्यानं चहा घेतला, कप ठेवला, पटका पुन्हा सारखा केला आणि म्हणाला, "लगीन कधी म्हणालीस?"

"अहो, तेरा दिवसांनी!" शेवंता हसली. "तुमचं लक्ष सगळं त्या खटाऱ्यात."

मीही हसलो.

मी इंजिन रॉकेलनं धुवायला घेतलं. ब्रश मारला, चिंधीनं पुसलं, कोपरेकंगोरे हवेनं साफ केले. तीन वेळा मी तेल जिथं दिसेल तिथं हात घातला होता. पण तेल वाऱ्यानं मागं जातं, उतारानं खाली जातं, आणि जिथून निघतं तिथं कोरडं दिसतं. या वेळी मला त्याची पहिली वाट धरायची होती.

"शेवंता, तुझी ती पावडर आण."

"कसली?"

"तोंडाला लावायची. रुखवतातली."

"आप्पा! ती गुलाबाच्या वासाची हाय. नवीन डबा हाय."

"म्हणूनच. चुना चिकटतो, पीठ भिजून लगदा होतो. पावडरीवर तेलाची रेघ केसाएवढी असली तरी दिसती."

"मी सासरी काय लावू? ग्रीस?"

दादा खदाखदा हसला. "दे गं. मी तुला दोन डबं आणून देतो."

पोरीनं डबा दिला, पण माझ्या हातात नाही. दादाच्या हातात. मग दादानं इंजिनाला पावडर मारली, अगदी लहान पोराला न्हाऊ घालून लावतात तशी, हलक्या हातानं, वर, खाली, कडेला. मी मागच्या बाजूला हात घालून राहिलेलं मारलं. सगळं इंजिन पांढरं झालं. शेवंता म्हणाली, "नवरी झाली की हो ही. हळद तेवढी लावा."

आम्ही दोघं जीप घेऊन निघालो. चाकावर दादा, बाजूला मी. नदीकडे जायचं नव्हतं, सुक्या रस्त्यानं तीन मैल जाऊन परत यायचं होतं. दादाचा हात बघत राहावा असा होता. गिअर कधी पडला ते कळायचं नाही. हे सगळं मी त्याच्याकडूनच शिकलो. वडील वारले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तो तेवीस. धरणाच्या कामावर ठेकेदाराची जीप चालवायचा. मला शाळेत घातलं होतं, मी पळून त्याच्या गाडीखाली जाऊन झोपायचो. शेवटी तो म्हणाला, अक्षरं न्हाई तर न्हाई, पाने-पकड तरी शीक. अक्षरं मी फार पुढं शिकलो, तेव्हा तो नव्हता. त्या वेळी सीलच्या पाकिटावरचा आकडाही मला शेवंता वाचून दाखवायची.

फाट्यावर उजवीकडे वळलं की तिठ्याला परत. दादानं गाडी डावीकडे घातली.

"दादा, हिकडं कुठं?"

त्यानं गाडी हळू केली. क्षणभर समोर बघत राहिला. मग म्हणाला, "लांबनं जाऊ. तापू दे की इंजिन जरा. गार इंजिनाला काय कळतंय?"

मला ते पटलं. गळती शोधायची तर इंजिन तापायलाच हवं. आम्ही एक मैल आणखी गेलो आणि फिरलो.

गॅरेजात येऊन बॉनेट उघडलं. पावडरीवर एक रेघ नव्हती. दहा होत्या. टॅपेट कव्हरच्या चारी कडांनी, पुढच्या सीलजवळून, चेंबरच्या फटीतून, मी नवीन घातलेल्या मागच्या सीलमधून. सगळीकडून तेल पाझरत होतं. आणि तेल मोजायची पट्टी तिच्या नळीतून बोटभर वर आली होती, कुणी आतून ढकलावी तशी.

दादानं ती बघितली. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "पोटात दाब धरतीया."

"व्हय."

"रिंगा गेल्या."

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की वरचा जाळ खाली उतरतो, इंजिनाचं पोट फुगतं, आणि मग कुठलंही सील घाला, ते तेल बाहेर फेकणारच. तसं असेल तर सगळं इंजिन उघडून बांधायला हवं होतं, आणि त्या इंजिनाचं सामान मिळायचं बंद होऊन सात वर्षं झाली होती.

दादा बाकड्यावर बसला. गुडघ्यावर हात ठेवून. मग म्हणाला, "एकवीस वर्षं म्हंजे काय कमी न्हाईत. बैलसुद्धा एवढी देत न्हाई."

"अजून बघू दे मला. उद्याचा दिवस दे."

"बघ. तू बघितल्याबिगर मी तिला द्यायचा न्हाई कुणाला."

तो चालत घरी गेला.

दुपारी वैनी आल्या. दादाची बायको, गोदावैनी. वाडीतून अर्धा तास चालत, डोक्यावर दुरडी. शेवंताच्या लग्नासाठी पापड आणले होते, आणि माझ्यासाठी फडक्यात भाकरी. मी हात धुऊन जेवायला बसलो. त्या जीपकडे बघत उभ्या राहिल्या.

"भावजी, एक बोलू? रागवायचं न्हाई."

"बोला की."

"ती गळती घावू नये असं मला वाटतंय."

घास माझ्या हातात राहिला. "वैनी, काय बोलताय तुम्ही! दादाचा जीव हाय तिच्यात."

"म्हणून तर. मागं बारा बारा माणसं असत्यात. घाट हाय."

"ब्रेक चांगले हायत. मी स्वतः बघितलेत."

"ब्रेकचं न्हाई म्हणत मी."

एवढ्यात शेवंता बाहेर आली, "थोरल्या आई, पापड केवढं लाटलंय, चंद्रावाणी," म्हणत तिनं त्यांचा हात धरला आणि आत नेलं. मला वाटलं, बाईमाणूस आहे, जुन्या गाडीला भ्यायली असेल.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या उजेडातच इंजिन हातानं फिरवायचं हँडल घेतलं. इंजिन गार असताना हँडल हळूहळू फिरवायचं. ज्या ठिकाणी रिंगा झिजल्या असतील त्या ठिकाणी हँडल लोण्यातून सुरी जावी तसं जातं. मी फिरवलं. अडलं. जोर लावला, सुटलं. पुढं पुन्हा अडलं. चारही पिस्टन तेवढाच जोर धरत होते. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. एवढ्या घट्ट रिंगा नवीन गाडीलाही नसतात.

मग पोटात दाब कुठून येतो?

मी हँडल खाली ठेवलं. आणि मला माझीच लाज वाटली. इंजिनाच्या पोटात थोडी वाफ, थोडा धूर साठतोच, कितीही चांगलं असलं तरी. तो बाहेर जायला एक नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. दादा तिला इंजिनाचं नाक म्हणायचा. गळती लागली की पहिल्यांदा नाक बघायचं, मग सीलं, हे त्यानं मला दहाव्या वर्षी कानाला धरून शिकवलं होतं. तीन वेळा मी जीप खोलली आणि एकदाही नाक बघितलं नव्हतं. कारण दादाच्या गाडीचं नाक दादा बघायचा. रोज. ते त्याचं काम होतं, त्यात मी कशाला बोट घालू?

नदीमुळं ते काम त्याला लागलं होतं. उतारावर पाणी इंजिनाच्या पट्ट्यापर्यंत चढायचं. आमच्याकडचे सगळे जीपवाले पाण्यात शिरायच्या आधी उतरायचे आणि त्या नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा घालायचे, पाणी आत जाऊ नये म्हणून. पलीकडे गेलं की पुन्हा उतरून काढायचे. बोळ्याला वीतभर शेपूट बाहेर ठेवायची, म्हणजे विसरायचं नाही. पाण्यातली दोन मिनिटं नाक दाबलं तर इंजिनाला काही होत नाही.

दादाच्या जीपची ती नळी इंजिनाच्या मागून खाली वळलेली होती, हात घातल्याशिवाय तोंड दिसत नसे. मी गाडीखाली गेलो. बोटानं चाचपलं. तोंडात चिंधी होती. शेपूट नव्हती.

मी तारेचा आकडा करून ती ओढली. डाळिंबी रंगाची, दादाच्या जुन्या पटक्याची. अजून ओली होती. मला हसू आलं. म्हटलं, सापडलास, दादा. आता तुला आयुष्यभर चिडवतो. लग्नाच्या मांडवात सगळ्यांच्या देखत सांगतो.

नळी मोकळी झाली का बघायला मी तोंड लावून फुंकलं. हवा जाईना.

पुन्हा आकडा घातला. आत आणखी एक बोळा होता. तोही पटक्याचाच, तेलानं काळपट झालेला. त्याच्यामागं तिसरा. तिसऱ्यामागं चौथा, तो आकड्यानं निघेना, मला तार गोल वळवून फिरवावी लागली. त्याच्यामागं पाचवा. तो जळून कोळशासारखा कडक झाला होता, तुकड्या तुकड्यानं आला.

मी गाडीखाली पाठीवर पडून होतो आणि पाच बोळे माझ्या छातीवर होते. एक बोळा कुणीही विसरेल. पण नळीचं तोंड भरलेलं असताना ते आत ढकलून त्यावर दुसरा घालायचा, मग तिसरा, हा विसर नाही. ज्याला काल काय केलं हे आज ठाऊक नसतं, त्यानं घातलेले होते ते.

फाट्यावरचं डावं वळण मला आठवलं. "लगीन कधी म्हणालीस?" ते आठवलं. मागच्या महिन्यात तो मला सायकलची चावी मागायला आला होता. सायकल त्याच्याकडे कधीच नव्हती. मी म्हटलं होतं, दादा चेष्टा करतो.

"आप्पा, झोपलाय का काय खाली?" शेवंताचा आवाज आला.

मी बोळे खिशात घातले आणि बाहेर आलो. इंजिन पुन्हा धुतलं, पुसलं, उरलेली पावडर मारली. गाडी एकटाच घेऊन गेलो, मुद्दाम चढावर नेली, तापवली. परत आलो. शेवंतानं खाली जुना पेपर अंथरला. आम्ही दोघं तिथंच बसलो, चहा पिऊन झाला, तरी पेपरवर थेंब नव्हता. बॉनेट उघडलं. पावडर होती तशी, कोरडी. पट्टी जागच्या जागी.

"आप्पा!" ती उठून टाळ्या वाजवायला लागली. "बंद झाली! मी थोरल्या आबांना सांगून येते पळत."

"थांब."

"का?"

"कुणाला बोलू नको. आधी मला दादाच्या घरी जाऊन येऊ दे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं तो कोरा पेपर घडी घालून उचलला आणि काही विचारलं नाही.

दादा शिवारात गेला होता. वैनी चुलीपुढं होत्या. मी उंबऱ्यात बसलो आणि बोळे काढून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवले. त्यांनी एकाला बोट लावलं.

"ह्यो पटका मीच फाडून दिला हुता," त्या म्हणाल्या. "पाच हायत व्हय?"

"पाच."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "दळण टाकायला जात्यात आणि पीठ न आणता येत्यात. ते एक येळ चालंल. पण गेल्या अमुशेला घाटात मधीच गाडी थांबवली. मागं बसलेल्या म्हातारीला विचारलं, आपण कुठं निघालोय? म्हातारी हसली. तिला वाटलं गंमत करतोय. तिनंच मला सांगितलं, हसत हसत. मी काय हसू?"

"मला का न्हाई सांगितलं, वैनी?"

"कसं सांगू? सांगितलं की ते खरं झालं." त्या पदरानं डोळे न पुसता तशाच बसल्या. "मी म्हटलं, गाडीच मरू दे. गाडी मेली तर त्यांना कुणी उतरवलं असं व्हणार न्हाई. भंगारवाला आला, गाडी गेली, संपलं. माणसाची लाज राहिली."

"गाडी मरत न्हाई, वैनी. रिंगा लोखंडासारख्या हायत. अजून धा वर्षं चालंल."

"मग आता?"

मी बोळे पुन्हा खिशात घातले आणि उठलो. घरी येताना अर्धा तास तेच घोळत होतं. बंद झाली म्हणावं तर दादा बारा माणसं घेऊन घाट उतरणार. बंद होत नाही म्हणावं तर सकाळी उठून तो कुठं जाणार? ओसरीवर बसून कोण गेलं, कोण आलं बघणार? आणि चाक आता दुसऱ्याच्या हातात दे, असं त्याला म्हणायला माझी जीभ झडली असती. मला चाक धरायला त्यानंच शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. नवीन धोतर, डोक्यावर पटका. भंगारवाल्याकडे जायचं तर नीट जावं, असं त्याच्या मनात असावं.

"काय निघालं?"

शेवंता दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"रिंगा बऱ्या हायत," मी म्हणालो. "दाब कमी झालाय. पण माझा भरवसा न्हाई, दादा. कधी बंद असती, कधी सुटती. आवाजावर लक्ष ठेवावं लागंल. चालू गाडीत."

"मग ठेवतो की मी लक्ष."

"तू चाकावर बसून रस्ता बघशील का आवाज ऐकशील? मेकॅनिक पाहिजे त्या जागी."

दादानं पटका सारखा केला.

"मी म्हणतो, काही दिवस मी चालवतो. सकाळची फेरी, संध्याकाळची फेरी. मधल्या येळंत गॅरेज. म्हंजे गळती सुटली की मला तिथल्या तिथं कळंल."

"तू?" दादाच्या कपाळावर आठ्या आल्या. "घाटात तू क्लच जाळतोस."

"म्हणून तर तू बाजूला पाहिजेस."

"उतारावर तुला दगड ठाऊक न्हाईत."

"तू सांग."

"आणि पोरीची पाठवणी?"

"तुम्ही फुडं बसा, थोरले आबा," शेवंता म्हणाली. ती हसली. "आप्पांच्या मागं मी बसते. त्यांनी क्लच जाळला तर दोघं मिळून बोलू."

दादा जीपभोवती एक फेरी फिरला. मग बॉनेट उघडून वाकला. हात इंजिनाच्या मागं घातला, खोल, खांद्यापर्यंत. मला दिसत नव्हतं तो काय चाचपतोय, पण मला ठाऊक होतं. हात तिथं बराच वेळ राहिला. बाहेर काढून त्यानं बोट बघितलं. ते कोरडं होतं. धोतराला पुसलं, नव्या धोतराला.

"हैबती."

"काय?"

"किती व्हते?"

मला खोटं बोलायचं होतं. एक म्हणायचं होतं.

"पाच," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, जसं एखाद्या गिऱ्हाइकाचं काम किती दिवसांचं आहे ते ऐकून हलवावी तशी. मग कमरेची किल्ली सोडली. एकवीस वर्षं ती त्याच्या करगोट्याला होती. गाठ घट्ट झाली होती, सुटेना. शेवंता पुढं झाली आणि तिनं नखानं ती सोडवली. दादानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि क्लीनरच्या बाजूला जाऊन बसला.

"चल," तो म्हणाला. "सड्यावरची माणसं खोळंबली असतील. आणि दुसऱ्या गिअरवर उचलू नको, तिला आवडत न्हाई."

शेवंताला आम्ही त्याच जीपमधून सासरी सोडलं. वाटेत दादा तिला तीनदा म्हणाला, "पावडरीचे दोन डबे द्यायचे राहिलेत," आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "द्या की, आबा, घाई न्हाई." मी दुसऱ्या दिवशी डबे नेऊन दिले.

चार वर्षं आम्ही तसे फिरलो. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. नदीला आलो की आम्ही दोघंही उतरायचो. तो बोळा घालायचा, पलीकडे गेलो की मी काढायचो. ते कधी ठरवलं नाही. सड्यावरच्या माणसांना मी सांगितलं होतं की गाडी जुनी झालीय, जीपवाल्यांच्या देखरेखीखालीच चालते. हॉटेलवाला म्हणायचा, "एवढा मोठा मेकॅनिक, चार वर्षं झाली तरी एक गळती बंद करता येईना, म्हणून बिचारा स्वतःच घेऊन फिरतोय." मी म्हणायचो, खरं आहे.

पहिल्या वर्षी दादा सगळा रस्ता सांगायचा. दगड, वळण, कुठं पाणी साचतं. दुसऱ्या वर्षी फाटे सांगेनासा झाला. मी विचारायचो, "उजवीकडं ना, दादा?" तो म्हणायचा, "उजवीकडंच." तिसऱ्या वर्षी तो फक्त गिअर ऐकायचा. चुकीचा पडला की तोंड वाकडं करायचा. ते शेवटपर्यंत गेलं नाही.

चौथ्या वर्षी, एका सकाळी घाट चढत होतो. मागं माणसं होती, कोंबड्या होत्या. दादा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, "ड्रायव्हर, तुमचं गाव कुठलं?"

मी सांगितलं. त्याच्याच गावाचं नाव सांगितलं.

"असं व्हय? मग तुम्ही माझ्या धाकट्या भावाला ओळखत असाल. हैबती. तिठ्यावर गॅरेज हाय त्याचं."

"ऐकलंय नाव."

"चांगला कारागीर हाय. मीच शिकवलाय." तो समोर रस्त्याकडे बघायला लागला. "गाडीला कधी गळती लागली तर त्याच्याकडं न्या. लोक काय बी म्हणत्यात. त्याला घावली न्हाई अशी गळती न्हाई. फक्त बोलत न्हाई तो."

"नेतो," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. पुढच्या वळणावर माझा गिअर नीट पडला, त्यानं तोंड वाकडं केलं नाही.

माझा भाऊ शिदोजी एकोणीसशे शहाण्णव साली माघ महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, अंगणात उन्हाला बसलेला असताना वारला. त्याचं वय अडुसष्ट होतं. गोदावैनी त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधी वारल्या.